दगडी वाडा, वायफाय आणि तीनशे कॅसेटी

प्रश्न : लष्कर भागात आमचा जुना दगडी वाडा आहे. रस्त्याकडच्या बैठकीत फायबरचे कनेक्शन आणि त्यासोबत मिळालेला राउटर आहे. मात्र चौकापलीकडच्या खोल्यांत आणि माडीवर वायफाय पोहोचत नाही. दोन रिपीटर लावून पाहिले. फोनवर रेघा पूर्ण दिसतात, पण काहीच उघडत नाही. दुसरे असे की, वडिलांनी घरगुती मैफिलींच्या सुमारे ३०० कॅसेटी जमवल्या होत्या. त्या मी संगणकावर उतरवून घेत असून सध्या सारे काही एकाच हार्ड डिस्कवर आहे. घरातल्या सर्वांना, तसेच पुण्यात असलेल्या मुलीलाही ते ऐकता यावे, अशी इच्छा आहे. एक महागडा राउटर आणि दोन डिस्कचा फाइल सर्व्हर घेतल्यास काम भागेल का?
— एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : राउटरचा विचार करण्यापूर्वी आजच एक साधी हार्ड डिस्क आणून आतापर्यंत उतरवलेल्या मैफिलींची दुसरी प्रत काढून ठेवावी. वायफाय महिनाभर मंद राहिले तरी बिघडणार नाही, परंतु जुन्या कॅसेटी पुन्हा एकदा तितक्याच चांगल्या वाजतील याची खात्री देता येत नाही.

आता वाड्याविषयी. आपल्या घराच्या भिंती दोन फूट जाडीच्या असतील, तर महाग राउटर घेऊनही निराशाच पदरी पडेल, कारण हा व्यवहार दुतर्फा असतो : राउटरचा संदेश फोनपर्यंत पोहोचला तरी फोनचे क्षीण उत्तर त्याच भिंती ओलांडून परत यावे लागते, आणि फोनची ताकद राउटर बदलल्याने वाढत नाही. त्यातही ५ गिगाहर्ट्झचा वेगवान पट्टा दगडापुढे लवकर हात टेकतो, २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा थोडा अधिक आत शिरतो, पण तो मुळात मंद आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वायफायने गजबजलेला असतो. रिपीटरचे दुखणे वेगळे आहे. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे सांगतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. शिवाय जिथे मूळ लहरीच अर्धमेल्या पोहोचतात तिथे तो ठेवला, तर तेच अर्धवट ऐकलेले तो मोठ्याने सांगत राहतो. फोनवरच्या रेघा रिपीटरच्या लहरींचा जोर दाखवतात, इंटरनेटच्या जोडणीचा नव्हे. ही चूक मी स्वतःही केलेली असल्यामुळे आपल्याला दोष देत नाही.

उपाय जुनाच आहे : भिंत तारेने ओलांडायची आणि वायफाय खोलीपुरते ठेवायचे. बैठकीतल्या राउटरपासून एक केबल चौकापलीकडे आणि एक माडीवर न्यावी व त्यांच्या टोकांना एकेक ॲक्सेस पॉइंट, म्हणजे तारेने आलेले इंटरनेट त्या खोलीत वायफायने देणारे उपकरण, बसवावा. ‘कॅट ६’ केबल घ्यावी. तिची १०० मीटरची मर्यादा कुठल्याही वाड्याला पुरून उरते. बाजारात स्वस्त म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ केबलींत ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो, तेव्हा दुकानात ‘शुद्ध तांबे’ असे स्पष्ट विचारून घ्यावे आणि शक्य असल्यास टोक खरवडून पाहावे. आधी केबल ओवून टोकाचा प्लग नंतर बसवला, तर दगडात बोटाएवढेच भोक पुरते. कित्येकदा जुन्या झरोक्यातून वाट मिळते आणि भोकाचीही गरज पडत नाही. विजेच्या तारांना चिकटून केबल नेऊ नये. चौकाच्या कडेने पडवीखालून ती नेता आली तर उत्तम. गच्चीवरून उघड्यावर न्यावीच लागली, तर उन्हापावसासाठी बनवलेली केबल हवी. आणि विजांच्या दिवसांची धास्ती असल्यास तेवढ्या टप्प्यापुरती तांब्याऐवजी फायबर वापरावी, कारण तिच्यातून वीज वाहत नाही.

ॲक्सेस पॉइंट म्हणून दुसरा राउटर वापरणार असाल, तर त्याच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ निवडण्यास विसरू नये. घरातल्या उपकरणांना नेटवर्कवरचे पत्ते (आयपी) वाटण्याचे काम एकट्या बैठकीतल्या राउटरने करावे. दोघे वाटू लागले की प्रिंटर आणि सर्व्हर मधूनच गायब होतात आणि दोष भलत्याच गोष्टीला दिला जातो. सगळीकडे वायफायचे नाव व पासवर्ड एकच ठेवावा. २.४ गिगाहर्ट्झसाठी १, ६ आणि ११ हे चॅनल तीन ठिकाणी वाटून द्यावेत, कारण तेवढेच एकमेकांवर चढत नाहीत.

सर्व्हर मात्र वायफायवर ठेवू नये. तो राउटरला किंवा गिगाबिट स्विचला (अनेक केबली एकत्र जोडणाऱ्या वेगवान डबीला) तारेनेच जोडावा. आपण २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ या दर्जाने उतरवत असाल, तर तासाला सुमारे २ जीबी लागतात, म्हणजे तासाभराच्या ३०० कॅसेटींचे साधारण ६०० जीबी. गिगाबिट तारेवर एवढी नक्कल पावणेदोन तासांत होते. प्लगमधली एखादी तार नीट बसली नाही, तर जोडणी बऱ्याचदा मुकाट्याने १०० एमबीपीएसवर उतरते आणि त्याच कामाला पंधरा तास लागतात. म्हणून केबल बसवणाऱ्याकडून आठही तारा तपासून घ्याव्यात. जागेबाबत सांगायचे, तर मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. अशा वेळी तापलेली माडी डिस्कसाठी योग्य नाही. तळमजल्यावरचे थंड माजघर बरे. दोन डिस्कचा सर्व्हर सरासरी २० वॅट घेतो असे धरले, तर महिन्याला १४ ते १५ युनिट वीज लागेल. घरी इन्व्हर्टर असला तरी वीज गेल्यानंतरच्या क्षणभराच्या खंडाने सर्व्हर बंद पडू शकतो. यूएसबी तारेने सर्व्हरला ‘वीज गेली, आता आवरते घे’ असे कळवणारा छोटा यूपीएस जरूर घ्यावा.

दोन डिस्क एकमेकींचे प्रतिबिंब म्हणून चालवल्या, तर एक बिघडल्यावर काम थांबत नाही. त्यांचा उपयोग तेवढाच. नातवाने चुकून एक फोल्डर पुसला, तर तो दोन्हींवरून त्याच क्षणी पुसला जातो, आणि फायली कुलूपबंद करून पैसे मागणारा खंडणीखोर व्हायरस शिरला तरी तेच. त्यामुळे सर्व्हरखेरीज एक प्रत कपाटात, जोडणी काढलेल्या डिस्कवर, आणि एक घराबाहेर असावी.

ही घराबाहेरची प्रत पुण्यात का असू नये? मुलीला दुरून सर्व्हर उघडता यावा म्हणून राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून थेट आत येण्याची वाट, उघडून ठेवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ या खंडणीखोर व्हायरसने इंटरनेटला असे उघडे असलेले घरगुती सर्व्हरच गाठले होते. व्हीपीएनचा, म्हणजे इंटरनेटवरून घरापर्यंतच्या खासगी, कुलूपबंद वाटेचा, मार्ग सुरक्षित आहे. पण आपल्या कनेक्शनला इंटरनेटवर स्वतंत्र सार्वजनिक पत्ता नसेल, तर तो उभारताना खटपट पडते. त्यापेक्षा मैफिली ‘फ्लॅक’ प्रकारात बदलाव्यात. त्यात आवाज जसाच्या तसा राहून आकार साधारण अर्धा ते दोन-तृतीयांश होतो. त्या एका डिस्कवर भरून ती डिस्क मुलीकडे द्यावी आणि पुढच्या खेपेला नवी भर घालावी.

काहीही विकत घेण्याआधी एक प्रयोग करावा. तीसेक मीटरची तयार केबल आणून ती चौकातून जमिनीवरच पसरावी. आपल्या एखाद्या रिपीटरला केबलचे भोक आणि ॲक्सेस पॉइंट मोड असेल, तर तो पलीकडच्या खोलीत तिला जोडून दोन दिवस वापरून पाहावा. खोलीत वायफाय सुरळीत चालले, तर मगच दगडाला ड्रिल लावावे.