चौरंगासाठी बेचाळीस हजार?

लातूरहून जिल्हा परिषद शाळेतल्या एका सरांनी विचारलंय: घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुतारकामाची हौस आहे, पाट-चौरंग करायचेत. १,८०० वॅटचा राउटर (लाकडाच्या कडा आणि खाचा कोरणारं मशीन) आणि त्याचं तयार टेबल मिळून ४२,००० रुपये होतात. एफडी मोडू, की कार्डावर बारा हप्ते करू?

सर, दोन्ही नको.

एफडी दीड लाखाची आणि एकुलती एक. मुदतीआधी मोडली तर बँक व्याज कापते, ते एक वेळ सोडा. पण जूनमध्ये मुलाची फी आणि आईचा दवाखाना एकदम आला, तर राउटरवर कोणी उसने देत नाही. 'नो कॉस्ट' हप्त्यातही प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याच माथी येतो. (आमच्याकडे अशाच हप्त्यांवर आलेली घरगुती गिरणी चादर पांघरून उभी आहे. तिच्यावर टीव्ही छान बसतो.)

मुळात एवढं मशीन कशाला? अर्धा इंची कोलेटचा (पातं धरणाऱ्या पकडीचा) जड राउटर लागतो दाराच्या पॅनेलची मोठी बिटं, म्हणजे कोरणारी पाती, फिरवायला. तुम्ही काढून पाठवलेल्या चौरंगाला कडेची गोलाई आणि पायांच्या खाचा, एवढंच आहे. ते पाव इंची कोलेटचा, सहा-सातशे वॅटचा ट्रिमर, म्हणजे छोटा राउटर, करतो. फक्त खाच एका दमात न मारता तीन-तीन मिलिमीटर खाली जायचं. शिवाय शेडमध्ये सहा अँपिअरचा सॉकेट आहे म्हणता. १,८०० वॅट म्हणजे जवळपास आठ अँपिअर. नव्या वायरिंगचे पैसे तुमच्या हिशेबात नाहीतच.

टेबल घरी करा. १८ मिमी प्लायला भोक, खालून उलटा टांगलेला ट्रिमर, वर सरळ फळीचा फेन्स, म्हणजे लाकूड टेकवून सरकवायला आधार. लाकूड उजवीकडून डावीकडे, बिटाच्या फिरण्याविरुद्ध सरकवायचं. उलट घातलं तर हातातून हिसकतं. आणि टेबल जमणार नसेल तर चौरंग कसा जमणार, हे मला कळलं नाही, माफ करा.

विश्वकर्मा योजनेच्या १५,००० च्या टूलकिटमागे लागू नका. ती सुतारकामावर पोट असलेल्यांसाठी आहे, सरकारी नोकरदारांसाठी नाही.

चार महिने ३,००० बाजूला टाका. त्या १२,००० पैकी निम्मे मशीनला. उरलेल्यात प्लाय, गॉगल, मास्क आणि चांगली कार्बाइड बिटं. इथे मात्र हात आखडू नका, स्वस्त बिट प्लायच्या गोंदानं बोथट होतं आणि कड काळी जाळतं.

वर्षभरात चार चौरंग कुणी पैसे मोजून नेले, तर मोठ्या राउटरचं त्याच पैशातून बघू.