जुनी युकुलेली घेताना
पहिलीच जुनी युकुलेली (गिटारसारखं छोटं, चार तारांचं वाद्य) घेतोयस, तर लेबल नंतर वाच, आधी ब्रिज बघ, म्हणजे वरच्या फळीवर चिकटवलेला, तारा बांधायचा लाकडी तुकडा. त्याच्या मागच्या कडेखाली पातळ कागद सरकवून पाहा. आत शिरला तर ब्रिज सुटू लागलाय. पाठीवर बोटाने हलकेच टकटक कर, आतली आधाराची पट्टी निघाली असेल तर खरखर ऐकू येते. नीट चिकटवलेल्या भेगेला मी घाबरत नाही, पण नवं पॉलिश मारलेलं वाद्य सोडून देतो. स्टीलच्या तारा मात्र कधीच लावू नकोस! १९२० च्या दशकातली ही वाद्यं आतड्याच्या तारांसाठी घडवलेली. स्टीलच्या ताणाने वरची फळी फुगते. हवाईच्या कामाका कंपनीची, कोआ या तिथल्याच लाकडाची, अननसाच्या आकाराची मिळाली तर भाग्यच. रोज वाजवायला हवी असेल तर अमेरिकेच्या मार्टिन कंपनीची साधी, महोगनी लाकडाची ‘स्टाइल ०’ मॉडेलची घे. इतकी हलकी, की छातीशी धरली की सूर अंगात जाणवतो.