खटक्याला हात लावू नका!

प्रश्न : आजोबांची ट्रंक उघडली, तर सातबाऱ्याच्या जुन्या नकलांखाली एक काळं शाईचं पेन सापडलं. त्याच्या अंगावर पितळी पट्टी आहे, नखानं उचलली की उभी राहते. दौतीत बुडवून ती उचलली तर आत कडकड वाजलं, पण शाई काही चढली नाही. जोर लावून पाहू का?
— एक वाचक, वरुड

उत्तर : नाही बाप्पा, हात आवरा! ती पट्टी म्हणजे शाई भरायचा खटका. पेनाच्या पोटात रबराची लांबट पिशवी असते आणि तिच्या अंगालगत धातूची एक पट्टी. खटका उचलला की ही आतली पट्टी पिशवी चेपते, पिशवीतली हवा निबेवाटे बुडबुडे काढत बाहेर पडते. खटका पाडला की पिशवी पुन्हा फुगते आणि फुगताना दौतीतली शाई ओढून घेते. तुमची पिशवी फुगणार कशी? तिचं रबर पार वाळलंय, वाळक्या शेवयांसारखं मोडतंय, तोच तो कडकड आवाज. आता जोर लावाल तर खटका वाकेल किंवा त्याची बारीक पिन निसटेल. पिशवी नवी मिळते. त्या जुन्या मापाचा खटका शोधता शोधता मात्र नाकी नऊ येतात.

दुरुस्ती अवघड नाही, घाईची मात्र नाही. निब ज्या भागात बसते तो भाग टाकीत, म्हणजे पेनाच्या पोकळ अंगात, बहुधा नुसता दाबून बसवलेला असतो. केस वाळवायच्या मशीनची कोमट हवा त्या सांध्यावर फिरवा आणि थोडं थोडं हलवत भाग बाहेर काढा. गरम पाण्यात बुडवू नका. हे काळं अंग एबोनाइटचं, म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेल्या रबराचं असतं, आणि गरम पाण्यानं ते तपकिरी पडतं. उन्हानंही पडतं. म्हणून अशी पेनं दुकानाच्या काचेत मांडून ठेवणाऱ्यांचा मला राग येतो.

टाकीतलं जुनं रबर टोकदार काडीनं खरवडून सगळं काढा, एक तुकडाही मागं राहू देऊ नका. निबेच्या भागाला मागून एक छोटं बोंड असतं. नवी पिशवी मापानं कापून त्या बोंडावर चढवायची आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडी लाखेनं चिकटवायची. रात्रभर वाळू द्यायची. मग पिशवीला शंखजिऱ्याची पूड चोळून ती टाकीत सरकवायची. सुगंधी पावडर नको. पोट्टे झटपट चिकटणारा गोंद लावून मोकळे होतात आणि पुढं ते पेन माझ्याकडं येतं, तेव्हा बोंड फोडल्याशिवाय काही सुटत नाही. लाख ऊब दिली की सुटते, यासाठीच ती लावायची. आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडं पळसावर लाखेचे किडे पोसतात ना, तीच ही लाख. त्या काळी जगाला लागणारी बहुतेक लाख भारतातूनच जायची. तेव्हा अमेरिकेच्या पेनाची पिशवी आपल्या पळसानं धरून ठेवली होती, असं मी गिऱ्हाइकांना सांगतो. निम्मी बढाई समजा.

भरताना निब पूर्ण बुडवा, खटका सावकाश उचला, सावकाश पाडा आणि दहा आकडे मोजेपर्यंत निब वर काढू नका. पिशवीला फुगायला तेवढा वेळ लागतो. बुडबुडे येणं थांबेपर्यंत हेच करत राहा.

प्रश्न : माझा मुलगा म्हणतो, शाई स्वतः ओढणारं पेन वॉटरमननं काढलं. खरं आहे का?
— एक वाचक, चिखली

उत्तर : तुमच्या मुलानं दोन वेगळी कामं एका माणसाच्या नावावर लावली. न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमनला १८८४ मध्ये पेटंट मिळालं ते शाई बाहेर सोडण्याचं. निबेखालची जीभ पाहा, तिला बारीक चिरा असतात. त्यांतून शाई खाली उतरते आणि तिच्या जागी हवा वर जाते. हवा गेली नाही तर शाई अडते, जास्त गेली तर कागदावर ओघळ. हे गणित त्यानं बसवलं. पण टाकी भरायची ती ड्रॉपरनंच: पेन उघडा, थेंब थेंब सोडा, बोटं रंगवा.

शाई ओढून घ्यायची युक्ती बाजारात खरी चालवली ती ओहायोतल्या टोलेडो गावच्या रॉय कॉन्क्लिननं, एकोणिसावं शतक संपता संपता. त्याच्या आधीही पुष्कळांनी खटपटी केल्या होत्या, पण गिऱ्हाईक टिकलं ते याच्याकडं. त्याच्या पेनाच्या पाठीवर धातूची अर्धचंद्रकोर उभी असते. तिच्याखाली एबोनाइटचं एक कडं, त्याला एका जागी चीर. कडं फिरवून चीर कोरीखाली आणली की कोर आत दाबली जाते आणि पिशवी चेपते. कडं पुन्हा फिरवलं की कोर अडकून बसते, खिशात चुकून दाबली जायची भीती नाही. वर ती कोर असल्यामुळं पेन टेबलावरून घरंगळत नाही. लेखक मार्क ट्वेननं या पेनाची तारीफ केली तेव्हा हेही कारण दिलं होतं, आणि कंपनीनं ते जाहिरातीत छापून घेतलं. माझ्या हिशेबी पिशवीच्या सगळ्या पेनांत हे सगळ्यात सरळ डोक्याचं काम. दोनच हलते भाग, बिघडायला काही नाही.

पण दिसायला ते शिंगच. आयोवातल्या फोर्ट मॅडिसनचा वॉल्टर शेफर जवाहिऱ्या होता, त्याच्या नजरेला ते खुपलं असणार. १९०८ मध्ये त्यानं अंगाबरोबर सपाट बसणाऱ्या खटक्याचं पेटंट घेतलं. तुमच्या शेजारच्या जिल्ह्यातल्या वाचकाच्या हातात आहे तो खटका याच घराण्यातला. पार्करनं शेपटीला बटण दिलं, मागची छोटी टोपी काढून दाबायचं. वॉटरमनच्या एका पेनाला अंगावर चीर होती, तिच्यात नाणं घालून पिशवी दाबायची. काहींच्या बुडाला भोक होतं आणि त्यातून चक्क फुंकर मारायची! पेटंटं वेगळी, मारामाऱ्या कोर्टातल्या, पण पोटात सगळ्यांच्या तीच रबरी पिशवी. भांडण फक्त तिला कुठून चेपायचं याचं.

पिशवीच नको म्हणणारे निघाले ते लंडनचे. डी ला रू कंपनीचं ओनोटो, १९०५ चं. त्यात दांडा मागं ओढायचा, निब शाईत धरून एका दमात पुढं रेटायचा. दांड्याच्या टोकाला दट्ट्या असतो, त्याच्या मागं पोकळी होते. टाकी निबेकडच्या टोकाला थोडी रुंद असते, तिथं दट्ट्या पोचला की कडेनं वाट मिळते आणि शाई भसकन वर धावते. १९२९ मध्ये जर्मनीच्या पेलिकननं फिरवून ओढायचा दट्ट्या आणला, तो आजही बनतो.

प्रश्न : असं सोपं तंत्र होतं, तर आमच्या लहानपणी शाळेत सगळ्यांची पेनं ड्रॉपरनं भरायची ती का? बोटं निळी झाली म्हणून आम्ही मारही खाल्ला आहे.
— एक निवृत्त शिक्षिका, सिंदेवाही

उत्तर : मॅडम, उत्तर तुमच्याच गावात मे महिन्यात मिळतं. पारा ४५ च्या वर गेला की रबर चिकट होतं, मग कडक होतं, मग तडकतं. ज्या पेनात रबरच नाही त्याचं ऊन काय बिघडवणार? शिवाय पिशवीपेक्षा रिकाम्या टाकीत शाई कितीतरी जास्त मावते, आणि बनवायला लागते ती लेथ नि एबोनाइटची कांडी. १९३५ च्या जुलैत गांधीजी वर्ध्याला होते, तेव्हा आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या रत्नम् यांनी बनवलेलं पेन ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांच्या हातून त्यांच्याकडं आलं. वापरून पाहिल्यावर विदेशी पेनांना हा चांगला पर्याय आहे, असं त्यांनी रत्नम् यांना लिहून कळवलं. रत्नम् यांची पेनं एबोनाइटचीच.

एक खोड मात्र या पेनांची आहेच. शाई तळाशी आली की टाकीत हवा जास्त. हाताच्या उबेनं ती फुगते आणि उरलेली शाई बाहेर ढकलते. म्हणून पेपर संपत आला की शेवटच्या पानावर हमखास डाग. तुम्हाला शाईपायी बसलेला मार उगाच होता. पाव टाकी उरली की भरून घ्यायचं, एवढंच सांगायला हवं होतं.

प्रश्न : आमच्याकडं काजळ आणि बाभळीच्या डिंकाची शाई करायचे. ती या पेनात चालेल का? "काहून नाही?" असं आमचे आबा म्हणतात.
— एक वाचक, दारव्हा

उत्तर : आबांना सांगा, बोरूला ती फर्स्टक्लास. बोरू दर वेळी पुसला जातो. फाउंटन पेनात काजळाचे कण जिभेच्या चिरांत बसतात, डिंक त्यावर वाळतो आणि पेन बंद. दुकानातली चित्रकलेची काळी शाईही त्याच कारणानं नको. बाटलीवर फाउंटन पेनसाठी असं छापलेलं असेल तीच घ्या, आणि रंग बदलताना आधी साधं पाणी भरून दोन-तीनदा सोडा.