नाहात ऋतू वाऱ्याने बदलतात

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी धाकटी मुलगी येत्या ऑक्टोबरपासून दोन वर्षांसाठी जपानच्या ओकिनावा बेटावर, नाहा शहरात कामानिमित्त राहायला जात आहे. जपान म्हटले की आम्हाला बर्फ आठवतो आणि बेट म्हटले की कोकणातला दमटपणा. नक्की कसली तयारी करावी हे कळत नाही. तिच्या आजीने लोकरीचे दोन स्वेटर विणले आहेत. ते तिथे लागतील का? (एक पालक, दापोली)

उत्तर : आजींचे दोन्ही स्वेटर बॅगेत जरूर जाऊ द्या. नाहात माझा सहा वर्षे मुक्काम होता. पहिल्या वर्षी तापमानाचे आकडे वाचून मी गरम कपडे घरीच ठेवले होते आणि जानेवारीत ते तिथे विकत घ्यावे लागले. आकडे चुकीचे नव्हते. १९९१ ते २०२० या तीस वर्षांच्या सरासरीनुसार नाहाचा जानेवारी, म्हणजे तिथला सर्वांत थंड महिना, १७.३ अंश सेल्सिअसचा आहे आणि सर्वांत उष्ण जुलै २९.१ अंशांचा. पारा दहाच्या खाली गेला तर ती तिथे बातमी होते. पुण्यातली जानेवारीची पहाट याहून कितीतरी गार असते. मात्र पुण्यात त्या दिवसांत वारा पडलेला असतो आणि नऊ-दहा वाजता उन्हात उभे राहिले की थंडी पळते. नाहात हिवाळाभर समुद्रावरून उत्तरेचा वारा वाहत राहतो, आभाळ भरलेले असते, अधूनमधून बारीक पाऊस येतो आणि घरे उन्हाळ्याच्या हिशेबाने बांधलेली असल्यामुळे भिंती व फरशी गारठून जातात. स्वेटरच्या वर घालायला वारा अडवणारे पातळ जाकीटही द्यावे. छत्रीचा उपयोग कमी होतो, कारण पाऊस आडवा येतो.

मुलीला एवढेच सांगा, की तिथला ऋतू तापमापकापेक्षा वाऱ्याच्या दिशेवरून लवकर कळतो. ओकिनावी लोकांनी वर्षभराच्या वाऱ्यांना नावे दिली आहेत आणि त्यांतले पहिलेच तिला पोहोचल्याबरोबर भेटेल. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात एखाद्या सकाळी खिडकी उघडल्यावर हवा अचानक हलकी आणि कोरडी लागते. तो ‘मी-निशी’, म्हणजे नवा उत्तरवारा. ओकिनावी भाषेत ‘निशी’ म्हणजे उत्तर, आणि प्रमाण जपानीत तोच उच्चार पश्चिमेचा, त्यामुळे जपानी शिकून गेलेल्यांचीही तिथे गफलत होते. याच दिवसांत ‘साशिबा’ जातीचे शिकारी पक्षी थव्यांनी दक्षिणेकडे जाताना दिसतात. वयस्क माणसे गच्चीवर उभी राहून ते मोजत असतात.

चांद्र पंचांगाच्या बाराव्या महिन्यात, आपल्या हिशेबाने शुद्ध अष्टमीच्या सुमारास, ‘मूची’ करतात. चिकट तांदळाच्या पिठाचा लांबट गोळा आल्या-हळदीच्या कुळातल्या एका झाडाच्या पानात गुंडाळून उकडायचा. वाफ येते तेव्हा घरभर जो वास पसरतो तो आपल्या हळदीच्या पानांतल्या पातोळ्यांची आठवण करून देतो. त्या दिवसांतल्या थंडीला ‘मूची-बीसा’, मूचीची थंडी, असेच म्हणतात. चांद्र दुसऱ्या महिन्यात वारा एकाएकी दिशा पालटतो. त्याला ‘निंग्वाची-काजिमाई’ म्हणतात आणि मासेमार त्याला फार जपून असतात, कारण सकाळी शांत दिसणारा समुद्र दुपारपर्यंत खवळतो. त्यानंतर येणारा ‘उरिझुन’, म्हणजे मार्च-एप्रिलचे दिवस, माझ्या मते नाहातला सर्वांत सुखाचा काळ : माती ओली, पालवी नवी आणि वारा कुठेही टोचत नाही.

थंडीपेक्षा जास्त काळजी मात्र मे-जूनच्या ओलाव्याची करायला हवी. माझी एक चामड्याची पर्स कपाटात खालच्या कप्प्यात होती. पंधरा दिवसांनी काढली तर शिवणीच्या कडेने हिरवट-पांढऱ्या बुरशीचे ठिपके एका ओळीत उमटलेले होते. दापोलीकरांना हे नवे नाही. नाहात घरोघरी हवेतला ओलावा ओढून घेणारे विजेवरचे यंत्र असते आणि त्याची टाकी रोज रिकामी करावी लागते. कपाटांत कॅल्शियम क्लोराइडचे छोटे डबे ठेवतात, ते काही आठवड्यांत पाण्याने भरतात. चामड्याच्या वस्तू आणि रेशमी साड्या तिने शक्यतो घरीच ठेवून जावे.

प्रश्न : नकाशावर नाहा आणि जोधपूर जवळजवळ एकाच अक्षांशावर, २६ अंश उत्तरेला, आहेत. तरी एक वाळवंटाच्या दारात आणि दुसरे बारमाही हिरवे, असे का? मुलांना हे सोप्या भाषेत कसे सांगावे? (भूगोल शिक्षक, सिन्नर)

उत्तर : आपला प्रश्न वर्गात फळ्यावर लिहून ठेवावा असा आहे. दोन्ही शहरे कर्कवृत्ताच्या थोडी उत्तरेला, उपोष्ण पट्ट्यात येतात. या पट्ट्यात वरची हवा खाली उतरते, उतरताना तापते आणि कोरडी होते. जगातली बरीच वाळवंटे याच पट्ट्यात आहेत. जोधपूरपर्यंत मोसमी वारे उशिरा आणि बाष्प बरेचसे खर्चून पोहोचतात. नाहा आशियाच्या पूर्व कडेला आहे, चहूबाजूंनी समुद्र आहे आणि ओकिनावाच्या पश्चिमेकडून, पूर्व चीन समुद्रातून, कुरोशिओ हा उबदार सागरी प्रवाह उत्तरेकडे जातो. हिवाळ्यातही आसपासचे पाणी वीस अंशांच्या वर असते. सायबेरियावरच्या जास्त दाबाच्या क्षेत्रातून निघालेली हवा मुळात बर्फाळ आणि कोरडी असते, पण या पाण्यावरून येताना ती ऊब आणि बाष्प घेते. म्हणूनच नाहाचा हिवाळा सौम्य असूनही ढगाळ राहतो. उन्हाळ्यात हाच समुद्र उलटे काम करतो आणि पारा ३५ अंशांच्या वर सहसा जाऊ देत नाही. जोधपूरला मे महिन्यात चाळिशी ओलांडणे नित्याचे आहे.

मुलांना पावसाचे आकडे जरूर दाखवा. नाहात वर्षाला सरासरी २,१६१ मिलिमीटर पाऊस होतो. मुंबईत साधारण इतकाच पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकतो. नाहाचा सर्वांत कोरडा महिना जानेवारी, आणि त्यातही सुमारे १०० मिलिमीटर पडतो. जास्तीचे दोन उंचवटे आहेत : जून २८४ आणि सप्टेंबर २७५ मिलिमीटर, आणि मध्ये जुलैला १८८ची घळ. जूनचा पाऊस ‘त्सुयू’चा. उत्तरेची गार हवा आणि दक्षिणेची उष्ण, दमट हवा एकमेकींना भिडतात, कोणीच मागे हटत नाही आणि त्या सीमारेषेवर ढगांचा पट्टा आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. सरासरीने हा हंगाम १० मेच्या सुमारास सुरू होतो आणि २१ जूनच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे मृग सरत असताना, संपतो. पुढे प्रशांत महासागरावरचे जास्त दाबाचे क्षेत्र पश्चिमेकडे सरकते, पट्टा उत्तरेला ढकलला जातो आणि दक्षिणेचा जोरदार वारा सुटतो. तो ‘काचीबे’, अयनदिनाचा दक्षिणवारा. इतोमान या कोळ्यांच्या गावी चांद्र पाचव्या महिन्याच्या चौथ्या दिवशी होड्यांच्या शर्यती होतात आणि त्या शर्यतींची घंटा वाजली की त्सुयू संपतो असे जुने लोक सांगतात. सप्टेंबरचा उंचवटा बहुतांशी टायफूनचा आहे.

जुलैच्या घळीतही पाऊस असतो, पण तो सरींचा. रस्त्याची एक बाजू चिंब आणि दुसरी कोरडी, अशा पावसाला तिथे ‘काताबुई’ म्हणतात. मी राहत होते त्या गल्लीत समोरच्या दुकानदारीणबाई वाळत घातलेले टॉवेल धावत गोळा करत असत आणि आमच्या बाजूला मात्र गॅलरीत ऊन असे.

एवढा पाऊस असूनही ओकिनावाने पाणीटंचाई भोगली आहे, हेही मुलांना सांगावे. बेट अरुंद, नद्या आखूड, पडलेले पाणी तासाभरात समुद्रात. १९८१-८२ मध्ये तिथे सलग ३२६ दिवस पाणीकपात होती. जुन्या घरांच्या छपरांवर दिसणाऱ्या टाक्या त्याच टंचाईच्या दिवसांची आठवण आहेत. धो धो पावसानंतर एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहणाऱ्या कोकणातल्या वाड्यांचे दुखणे याहून वेगळे नाही. उतार तीव्र, साठवण कमी.

प्रश्न : ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या वाडीतल्या सुपाऱ्या आणि माड आडवे झाले. ओकिनावात तर दरवर्षी वादळे येतात असे ऐकतो. तिथले लोक कसे निभावतात? (एक बागायतदार, श्रीवर्धन)

उत्तर : आपल्या नुकसानीची कल्पना येते. वडिलांनी लावलेली झाडे एका दुपारी जाणे हे पैशांत मोजता येत नाही. ओकिनावाच्या परिसरात वर्षाला सरासरी सात-आठ टायफून येतात, बहुतेक जुलै ते ऑक्टोबर या काळात. त्यांतले सगळेच बेटावर थेट आदळत नाहीत, पण जे आदळतात ते फार मोठे असतात. ओकिनावा प्रांतातल्याच मियाको बेटावर ५ सप्टेंबर १९६६ रोजी सेकंदाला ८५.३ मीटर, म्हणजे ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाचा झोत नोंदला गेला होता. या अक्षांशांवर टायफून वळण घेतात आणि वळताना मंदावतात, त्यामुळे वादळ दोन-दोन दिवस डोक्यावर बसते. ऑगस्ट २०२३ मधले ‘खानून’ पुढे जाऊन पुन्हा माघारी आले होते. त्या वेळी दोन लाखांहून अधिक घरांची वीज गेली.

निभावण्याची पहिली युक्ती घराच्या बांधणीत आहे. जुने घर बुटके असते, छपराच्या तांबड्या कौलांचे सांधे चुन्याने लिंपलेले असतात, अंगणाभोवती पोवळ्याच्या दगडाचा गडगा असतो, आणि फाटक व घर यांच्या मध्ये ‘हिनपुन’ नावाची एक आडवी भिंत असते, जिच्यामुळे वारा सरळ घरात घुसत नाही. नवी घरे बहुतेक सिमेंट-काँक्रीटची आहेत. टायफूनचा इशारा आला की शाळा बंद होतात, बस आणि मोनोरेल थांबतात, लोक कुंड्या व सायकली आत घेतात आणि घरात बसतात. बाहेर पडून धाडस करण्यात कोणालाही भूषण वाटत नाही, आणि मला ही सवय फार मोलाची वाटते.

आपल्यासाठी महत्त्वाची दुसरी युक्ती, झाडांची भिंत. ओकिनावात घराभोवती ‘फुकुगी’ची झाडे अगदी खेटून लावतात. फुकुगी आपल्या रातांब्याच्या जवळच्या नात्यातले झाड आहे : पान जाड, चामड्यासारखे, खोड सरळ आणि वाढ अतिशय सावकाश. मोतोबूजवळच्या बिसे या किनारी गावात मी या झाडांच्या बोळातून चालले आहे. समुद्रावर टोपी उडवणारा वारा होता आणि आत झाडांखाली वाळलेले पानही हलत नव्हते. किनाऱ्यालगत वाराआडोशासाठी तिथे आणखी एक झाड लावतात, ते म्हणजे आपली उंडी. उंडी श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आपण रोज पाहत असाल. सुपारी उंच, सडपातळ आणि उथळ मुळांची. ती एकटी वाऱ्यासमोर टिकणे कठीण. नव्याने लागवड करताना समुद्राच्या बाजूला उंडीची आणि तिच्यामागे रातांब्याची दाट दुहेरी रांग लावावी, असे मला मनापासून वाटते. ती उभी राहायला वीस-पंचवीस वर्षे जातील, म्हणून सुरुवात याच पावसात करावी.

वादळ गेल्यावर ओकिनावी माणूस पहिली गोष्ट कोणती करतो, तर गोड्या पाण्याने सारे धुतो : खिडक्या, गाडी, झाडांची पानेसुद्धा. खारा फवारा पानांवर तसाच वाळला तर दोन-तीन दिवसांत ती भाजल्यासारखी तपकिरी होतात. वादळाचा एक उपकारही सांगायला हवा. टायफून समुद्र ढवळतो, खालचे गार पाणी वर येते आणि पोवळ्यांना उष्णतेपासून उसंत मिळते. ज्या उन्हाळ्यात टायफून फिरकत नाहीत, त्या उन्हाळ्यात तिथल्या पोवळ्यांची पांढरी पडून मरण्याची धास्ती वाढते.

प्रश्न : जपानमधली चेरीची फुले एप्रिलमध्ये येतात असे वाचले होते, पण ओकिनावात ती जानेवारीत फुलतात, तेही उत्तरेकडून दक्षिणेकडे. हे कसे? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आपण रत्नागिरीचे, तेव्हा उत्तर आपल्या कलमांतच आहे. हापूसला मोहोर धरायला थंडीचे दिवस लागतात. थंडी लांबली की मोहोर लांबतो. ओकिनावातल्या ‘कान्हीझाकुरा’ या गडद गुलाबी चेरीच्या कळ्या उन्हाळ्यात तयार होऊन झोपी जातात आणि गारठा मिळाल्यावर जाग्या होतात. जपानच्या मुख्य बेटांवर थंडी भरपूर असते, तिथे फुलणे उबेसाठी अडून बसते, म्हणून बहर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकतो. ओकिनावात ऊब पुष्कळ आणि थंडीच अपुरी, म्हणून ती आधी जिथे पोहोचते, त्या उत्तरेकडच्या नागो व मोतोबूच्या डोंगरांवर, जानेवारीच्या मध्यापासून फुले दिसतात. तो बहर डोंगरावरून पायथ्याशी आणि पुढे दक्षिणेला नाहाकडे उतरतो. नागोमध्ये २४ जानेवारी २०१६ रोजी हिमकण मिसळलेला पाऊस पडल्याची अधिकृत नोंद आहे, आणि ओकिनावाच्या मुख्य बेटावरची ती अशी पहिलीच नोंद होती. आपण जाणार असाल तर जानेवारीच्या अखेरीस जा, मुक्काम नाहात ठेवा आणि बसने नागोला जा. वाटेत दुतर्फा तुरे आलेला ऊस दिसेल. तिथेही तो तोडणीचा हंगाम असतो.