आधी नेम कशातून धरणार ते ठरवा, मग रायफल

तुम्ही विचारलंत की वर्षभरात कॅनडातल्या अल्बर्टाला येताय, कोल्हापुरात पन्नास मीटर प्रोन (पालथं पडून नेमबाजी) खेळता, इथे हरणाची शिकार करायची आहे आणि रायफल लाकडी दस्त्याची, जुन्या धाटणीचीच हवी. मग लीव्हर-ॲक्शन (चापाखालची दांडी खालीवर करून काडतूस भरणारी) घ्यावी की बोल्ट-ॲक्शन (बाजूची मूठ मागेपुढे ओढून भरणारी), आणि उघडी साइट, पीप (भोकाची साइट) की दुर्बीण? इथे बरीच वर्षं शिकार करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची डायॉप्टरची, म्हणजे मॅच रायफलवरच्या बारीक भोकाच्या साइटची, सवय ही इथे मोठी शिदोरी आहे, ती वाया घालवू नका. शिकारी रायफलवरची पीप साइट त्याच जातीची असते, फक्त भोक मोठं. उघड्या साइटमध्ये मागची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि सावज या तिन्हींवर डोळा एकदम ठरत नाही, आणि चाळिशीनंतर तर खाच धूसरच होते. पीपमध्ये मागच्या कडीकडे बघायचंच नाही. त्यातून आरपार पाहायचं, माशी खांद्यामागे टेकवायची, डोळा आपोआप मध्य शोधतो. संध्याकाळी पॉप्लरच्या झाडीत उजेड कमी झाला की लायमन किंवा विल्यम्सच्या साइटमधली आतली चकती फिरवून काढायची. उरलेल्या मोठ्या कडीतूनही जवळचा नेम नीट धरता येतो. मॅचमध्ये माशीच्या जागी गोल रिंग असते, तिथे इथे मणी किंवा पट्टी येईल. एवढा बदल लवकर अंगवळणी पडतो.

पण पीपलाही मर्यादा आहे. इथे सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास शिकार चालते, आणि हरणं बाहेर पडतात ती नेमकी त्याच कडेच्या उजेडात. तेव्हा चांगली दुर्बीण जे दाखवते ते पीप दाखवत नाही. शिंग आहे की फांदी, मागे दुसरं जनावर उभं आहे का, हे दिसलं नाही तर चापाला हात लावायचा नाही.

म्हणून कुठे फिरणार ते आधी ठरवा. फूटहिल्सच्या (रॉकी पर्वताच्या पायथ्याच्या टेकड्यांच्या) दाट झाडीत जनावर शंभर मीटरच्या आतच दिसतं. तिथे थर्टी-थर्टी काडतुसाची लीव्हर-ॲक्शन आणि पीप ही जोडी मला आजही सर्वांत आवडते. हलकी, सडपातळ, झाडीत न अडकणारी. विंचेस्टर ९४ देखणी, पण तिच्या जुन्या मॉडेलमधून रिकामं काडतूस सरळ वर उडतं, त्यामुळे दुर्बीण मधोमध बसत नाही. पुढेमागे दुर्बिणीचा विचार असेल तर मार्लिन ३३६ बघा. तिचं काडतूस बाजूने पडतं आणि वरचा भाग सपाट आहे. मात्र दुर्बीण बसली की मागच्या घोड्यापर्यंत (हॅमरपर्यंत) अंगठा पोचायला अडचण होते, त्यातून हातात जाड हातमोजे. घोड्याला बाजूची छोटी दांडी जोडून घ्या. नळीखालच्या मॅगझिनमध्ये गोळ्या एकामागे एक बसतात, म्हणून टोकदार धातूच्या गोळ्या त्यात कधीच भरू नका. पुढच्या काडतुसाच्या बुडातल्या टोपीवर (प्रायमरवर) टोक आपटलं तर स्फोट होऊ शकतो. सपाट नाकाच्या किंवा मऊ लवचिक टोकाच्याच घ्या.

माळरानावर जाणार असाल तर थर्टी-थर्टी विसरा. शंभर मीटरला नेम बसवला तर दोनशेला गोळी वीतभर तरी खाली जाते. तिथे थ्री-ओ-एट (.३०८) काडतुसाची बोल्ट-ॲक्शन आणि कमी ताकदीची दुर्बीण, दोन ते सात पट पुरे. नव्या बहुतेक बोल्ट रायफलींवर लोखंडी साइट येतच नाही. अक्रोडाचा दस्ता आणि साइट दोन्ही हवं असेल तर जुनी सीझेड ५५० शोधा. आपल्याकडच्या क्लबांत ब्रनो म्हणून जी नावाजलेली, तीच झेक परंपरा.

तुमच्या मनात थ्री-नॉट-थ्री, म्हणजे जुनी ली-एनफील्ड, असणारच. कॅनडातच, ओंटारियोत लाँग ब्रँचला बनलेल्या तिच्या नंबर चार मॉडेलच्या रायफली इथे अजून दिसतात, आणि या मॉडेलला मागे पीप असते, आपल्याकडच्या इशापूर कारखान्यातल्या जुन्या रायफलीसारखी उघडी खाच नाही. फक्त तिची साधी पलटी साइट ३०० यार्डांसाठी आखलेली असते, म्हणून शंभरावर गोळी वर जाते. कागदावर मारून बघितल्याशिवाय रानात नेऊ नका.

माझा कौल विचाराल तर पहिली रायफल एकच घ्या, थ्री-ओ-एट, दुर्बिणीसकट. लीव्हर दुसऱ्या हंगामात. जखमी जनावर निसटणं ही शिकाऱ्यासाठी सर्वांत वाईट गोष्ट आहे, आणि नवख्या मुलखात दुर्बीण ती शक्यता कमी करते. पॉइंट टू-टू-थ्री काडतुसाची रायफल स्वस्त म्हणून घेऊ नका. अल्बर्टात मोठ्या जनावरांसाठी पॉइंट २३ पेक्षा लहान कॅलिबर चालत नाही.

परवान्याचं काम आल्या आल्या सुरू करा. बंदूक-सुरक्षा कोर्सच्या लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येकी ८० टक्के लागतात, आणि पहिल्या परवान्याला किमान २८ दिवस थांबावंच लागतं. शिकारी प्रशिक्षण वेगळं. अर्जात निदान तीन वर्षं ओळखणाऱ्या दोघांचे संदर्भ द्यावे लागतात. वहिनींशीही आधीच बोलून ठेवा. जोडीदाराची सही मागतात, आणि ती नसेल तर त्यांना अधिकृतरीत्या कळवलं जातं.