वास्तुशांतीला काय न्यावं? रिकामं भांडं सोडून बरंच काही

धाकट्या दिरांची पिंपरीला वास्तुशांत, पत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये' असं छापलेलं, तुमच्या मनात समई, तुमच्या यजमानांच्या मनात विजेची किटली आणि बजेट अडीच हजार; मग न्यायचं काय, हा तुमचा प्रश्न. बरोबर ना? तर आधी पत्रिकेतल्या त्या ओळीबद्दल. ती सोसायटीतल्या नि ऑफिसातल्या लोकांसाठी असते. सख्ख्या भावजयीनं हात हलवत गेलेलं कुणालाच आवडत नाही, ओळ छापणाऱ्यालासुद्धा नाही.

आता काय देऊ नये ते आधी सांगते, कारण मी भोगलंय. 2009 साली आमची वास्तुशांत झाली तेव्हा सात गणपती आणि चार भिंतीवरची घड्याळं आली. गणपती कुणाला देताही येत नाहीत नि सात-सात मांडताही येत नाहीत. अजून माळ्यावर कापडात गुंडाळून आहेत, बिचारे.

त्याच दिवशी आत्याबाई आल्या त्या मिसळणाचा डबा घेऊन. स्टीलचाच, साधा. पण झाकण काढलं तर सातही वाट्या भरलेल्या: मोहरी, जिरं, हळद, लाल तिखट, मेथ्या, धणे-जिऱ्याची पूड आणि सातवीत हिंगाची पुडी. वर छोटा चमचासुद्धा. दुसऱ्या दिवशी मांडव उतरला, आचारी गेला, पाहुणे पांगले आणि खोकी उघडायचं त्राण नव्हतं. त्या डब्यावर पहिली आमटी झाली. तेव्हा कळलं की आपल्याकडे भांडं रिकामं का देत नाहीत. शेजारणीची वाटी परत करतानासुद्धा आपण तिच्यात चिमूटभर साखर तरी घालतोच की.

जुन्या वस्तूंची निवड याच धोरणानं झालेली दिसते. नव्या घरात पाऊल टाकताना आधी काय आत जातं बघा: देव, पाण्यानं भरलेला कलश, धान्य, मीठ, केरसुणी. मग शेगडी पेटवून दूध उतू घालायचं. म्हणजे उद्या सकाळी संसाराला लागेल तेच. केरसुणी शिंदीच्या पानांची मिळाली तर उत्तम. तिला लक्ष्मी म्हणतो आपण, लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू वाहतो. पण ती घरची माणसंच आणतात, भेट म्हणून नेऊ नका. नेलीत तर जाऊबाई वेगळा अर्थ काढतील!

समईचं म्हणाल तर द्या, पण बघून घ्या. पितळ वजनावर विकतात. ओतीव समई हाताला जड लागते. पत्र्याची दिसते तेवढीच मोठी, पण बूड हलकं असल्यामुळे धक्का लागला की तेलासकट आडवी होते. दांड्याचे आटे दुकानातच फिरवून बघा, एक भाग जरी वाकडा बसला तरी समई कायम झुकलेली राहते. तुमच्या बजेटात मोठी ओतीव बसणं अवघड आहे. त्यापेक्षा लहान पण जोडी घ्या आणि सोबत वाती नि तिळाच्या तेलाची बाटली ठेवा. झालं की नाही भरलेलं भांडं?

माझं मत विचाराल तर मी तांब्याची कळशी किंवा झाकणाचा तांब्या देईन. पुण्याला चक्कर असेल तर कसबा पेठेतल्या तांबट आळीत जा. हातोडीनं ठोकून पाडलेल्या त्या एकसारख्या खळग्यांना मठारकाम म्हणतात. त्यामुळे पत्रा घट्ट होतो आणि भांडं चमकतंही. आत तांदूळ भरा, वर नारळ. फक्त जाऊबाईंना सांगून ठेवा की त्यात ताक किंवा सरबत ठेवायचं नाही, आंबट कळकतं. याच कारणासाठी पितळी पातेलं मी सुचवत नाही. त्याला कल्हई लागते, आणि कल्हईवाला आता हाक मारत दारावर येत नाही.

साडी-पोशाखाचा मान माहेरच्यांचा, त्यात आपण पडायचं नाही. जाऊबाईंची ओटी मात्र खण-नारळानं भराच. अंगावर घालायचं नसलं तर घरासाठी सोलापुरी चादरींची जोडी. पहिल्या रात्री मुक्कामाला दहा माणसं असतात आणि पांघरुणं नेमकी बांधलेल्या गाठोड्यात, हे मी तीन घरांत पाहिलंय.

किटली वाईट नाही हो. पण ती वाढदिवसालाही देता येते.

आणखी एक. जमलं तर आदल्या संध्याकाळीच जा. त्या घरात खुर्ची नसते, पडदे नसतात, टँकरचं पाणी पुरवून वापरायचं असतं, आणि गुरुजींच्या यादीतली सुपारी हमखास राहिलेली असते. थर्मासभर चहा नि डबाभर थालीपिठं नेलीत तर समईपेक्षा ती जास्त दिवस लक्षात राहतील.

भांडं घेतलंत तर नाव घालून घ्या, तारखेसकट. पण दुकानदाराला तोंडी सांगू नका, कागदावर लिहून द्या आणि तो सुई टेकवायच्या आत पुन्हा वाचा. आमच्या मोठ्या परातीवर 'वास्तुशांतीनिमित्त सप्रेम भेट' अगदी शुद्ध आहे, आडनाव तेवढं भलत्याचंच पडलंय. इतकी वर्षं मी त्या परक्यांच्या परातीत कणीक मळतेय.