कंसातले चार शब्द

सांगलीचे एक हळद व्यापारी विचारतात: गोदामाला आग लागली, मागणी ३१ लाखांची, नुकसान मोजणाऱ्या विमा सर्व्हेअरने साडेसतरा लाखच धरले. पॉलिसीत लवादाचं (वाद कोर्टाबाहेर पंचाकडे नेण्याचं) कलम आहे म्हणून ग्राहक आयोगात जाता येणार नाही, असं एजंट म्हणतो. खरं का? आगीच्या आणि पुराच्या दाव्यांत हा प्रश्न मला सारखा येतो.

एजंटचं सोडा. लवादाचं कलम असलं तरी आयोगाचं दार बंद होत नाही. ‘व्यापारी म्हणजे ग्राहक नव्हे’ असं कंपनी म्हणेल. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३च्या हरसोलिया मोटर्स निकालाने त्या आक्षेपातली बरीच हवा गेली आहे.

खरी मेख तुम्ही जोडलेल्या कंपनीच्या पत्रात आहे. पहिल्या परिच्छेदात गोदामातल्या हळदीचा भाव कमी धरलाय. दुसऱ्यात मागच्या पत्र्याच्या शेडमधली पोती ‘पॉलिसीतल्या जागेत नव्हती’ म्हणून साफ नाकारलीत. आता कलम वाचा. लवादाकडे जातो तो फक्त रकमेचा वाद, आणि पुढे कंसात: ‘जबाबदारी अन्यथा मान्य असल्यास’. म्हणजे शेडमधली पोती लवादापुढे नेताच येत नाहीत. नाकारलेला दावा या कलमात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नरभेराम पॉवरच्या प्रकरणात सांगितलंय. नुसत्या भावासाठी लवाद मागाल, तर ३० दिवसांत एका नावावर एकमत हवं, नाहीतर तिघांचं मंडळ आणि तिघांची फी. कंपनीने चालढकल केली की लवाद नेमून घ्यायला उच्च न्यायालय. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात त्याचं सर्किट बेंच आहे, तेव्हा मुंबईच्या खेपा वाचतील, एवढंच. एका आगीची दोन प्रकरणं कशाला? दोन्ही मुद्दे घेऊन सांगलीच्या जिल्हा आयोगात जा.

पण पत्र येऊन १९ महिने झाले! आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षांची. ‘साहेब फोनवर बघतो म्हणाले’ हे तुमचं कारण मला ऐकवू नका. फोनने मुदत वाढत नाही. उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर बसू नका. ‘फुल अँड फायनल’च्या, म्हणजे आता काही येणं उरलं नाही अशा, व्हाउचरवर सही केली नाहीत, तेवढं एक बरं केलंत.

रक्कम किती मिळेल, आज सांगता येत नाही. बँकेला दिलेल्या शेवटच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये ४१० पोती आहेत, दाव्यात ५६०. कंपनीचा वकील पहिल्यांदा तिथेच बोट ठेवणार. त्या दीडशे पोत्यांच्या खरेदीपट्ट्या आधी शोधा, मग वकील गाठा.